आठवा फर्मा

"...तेव्हा बाबा, तुम्हीच सांगा. नववीच्या पोरांच्या हाती शाळेनं काय द्यायचं? पंचपक्वान्न, की स्टँडवरची भजी?"

किनगावकर सरांनी प्रश्न टाकला आणि रुमालानं चष्मा पुसला. उत्तर त्यांच्याजवळ तयारच होतं. ते फक्त बाबांच्या तोंडून वदवून घ्यायला आले होते.

दस्तगीरबाबांचं लक्ष हातातल्या कामावर होतं. डाव्या हातात दाभण धरून ते एका फाटक्या पुस्तकाला टाके घालत होते.

बाबा फकीर. गावाबाहेर इदगाहच्या मागं, चिंचेखाली त्यांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं. सकाळी लोक दुवा मागायला यायचे आणि दुपारी फाटकी पुस्तकं घेऊन. कुणाचं कुराण, कुणाची पोथी, कुणाची भजनाची वही. बांधणीत तालुक्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

सर काही फकिरांकडं फेऱ्या मारणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांना इथं यावं लागलं होतं, आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं होतं.

झालं होतं ते असं. संस्थेच्या अकरा शाळा. नववीला वर्षभर एक कादंबरी वर्गात वाचायची, असा संस्थेचा जुना नेम. गेली अठ्ठावीस वर्षं ती एकच होती : 'आटलेली बारव'. थोर, जुनी, गंभीर. तिला प्रस्तावना किनगावकर सरांची, टिपा किनगावकर सरांच्या, आणि परीक्षेतले प्रश्नही किनगावकर सरांचेच.

यंदा मात्र रेवती सोळुंके नावाच्या तरुण बाईंनी अर्ज दिला, की 'सातव्या मजल्यावरची सही' लावा. ही एक रहस्यकादंबरी. पोरं दप्तरात लपवून वाचत होती, म्हणून बाईंना ती उघड वाचायला द्यायची होती.

पुस्तक ठरवणाऱ्या समितीत मतं अर्धी-अर्धी पडली. तेव्हा अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, "बाबा सांगतील ते. सर, तुम्हीच विचारून या." अण्णासाहेब बोअर पाडायची जागासुद्धा बाबांना विचारून ठरवत. बैठक उद्या सकाळी होती.

"स्टँडवरची भजी वाईट असत्यात व्हय, सर?" बाबांनी विचारलं.

"बाबा, चेष्टा नको. पिढीचा प्रश्न आहे."

"मी बी तेच इचारलं."

बाबांनी टाके घालून झालेलं पुस्तक उचलून दाखवलं. 'सातव्या मजल्यावरची सही'. कोपरे झिजलेले, कडांवर तेलकट बोटं, एका पानावर तर लोणच्याचा डाग.

"सोळुंकेबाईंचं हाय. औंदा तिसऱ्यांदा आलं."

"बघा! काय दशा करून टाकलीय!" सर उसळून म्हणाले. "आणि आमच्या 'बारवे'च्या प्रती बघा. एकेका शाळेत चाळीस. इतक्या वर्षांत एकीचंही पान सुटलेलं नाही!"

"खरं हाय," बाबा म्हणाले. "माज्याकडं एक बी आली न्हाई आजवर."

सरांना ही स्तुतीच वाटली. त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी पिशवीतून रेशमी कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. 'आटलेली बारव'ची त्यांची स्वतःची प्रत. विद्यार्थिदशेत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलेली. मूळ छपाईची दुसरी प्रत उभ्या जिल्ह्यात नव्हती. संस्थेनं शालेय आवृत्ती छापून घेतली ती याच प्रतीवरून. आता तिची पाठ सुटली होती.

"संध्याकाळपर्यंत बांधून द्या. उद्या बैठकीत टेबलावर ठेवणार आहे. लोकांना कळू दे साहित्य कशाला म्हणतात ते."

"काय हाय यात?"

सर सावरून बसले. हा प्रश्न त्यांचा फार आवडता होता.

"दुष्काळ आहे. दुर्गा नावाची सून घागर घेऊन बारवेत उतरते. एकेक पायरी... खाली अंधार... आणि बास! लेखक थांबतो. पुढच्या प्रकरणात बारव दगडांनी बुजवलेली. तिचा नवरा तिथं रोज दिवा लावून बसतो. दुर्गेचं काय झालं, एक अक्षर नाही. तिचं बलिदान लेखक शब्दांत सांगतच नाही. याला मौन म्हणतात, बाबा. या मौनावर मी ऐंशी पानांचा प्रबंध लिहिलाय. परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न असतो : लेखकाने येथे मौन का पाळले?"

"पोरं इचारत न्हाईत, मग काय झालं म्हणून?"

"विचारायचे. मी मोडून काढलं ते. 'मग काय झालं' हा भजी खाणाऱ्याचा प्रश्न आहे."

बाबांनी पुस्तक हातात घेतलं. पाठीवरून बोट फिरवलं. मग कात्री उचलली आणि कचकच सगळी शिवण कापून टाकली.

"अहो! अहो बाबा!" सर ताडकन उभे राहिले. "काय करताय काय?"

"शिवायचं तर उसवाय लागतंय."

पुस्तक सुटलं आणि त्याच्या चोपड्या झाल्या. सोळा-सोळा पानांची एकेक चोपडी. बांधणाऱ्यांच्या भाषेत फर्मा. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर तळाशी, कोपऱ्यात, मुंगीएवढा आकडा छापलेला असतो. वाचणाऱ्याला तो कधी दिसत नाही. बांधणारा दुसरं काही बघत नाही.

बाबा फर्मे चटईवर मांडू लागले.

"एक... दोन... तीन... चार... पाच... सहा... सात... नऊ."

ते थांबले.

पुन्हा मोजलं. सात... नऊ.

"सर, आठवा न्हाई."

"म्हणजे?"

"सोळा पानं न्हाईत यात."

सर हसले. मोठ्यानं हसले. मग चटईवर गुडघे टेकून त्यांनी स्वतः बघितलं. सातव्या फर्म्याचं शेवटचं पान, एकशे बारा. दुर्गा पायरी उतरते आहे. नवव्याचं पहिलं पान...

एकशे एकोणतीस.

सरांचं हसू तिथंच गोठलं. त्यांनी पानांचे आकडे कधी बघितलेच नव्हते. शालेय आवृत्ती छापताना छापखान्यानं आकडे नव्यानं घातले होते, आणि सर गेली कित्येक वर्षं तीच वापरत. ही प्रत नुसती कपाटात. दसऱ्याला तिला फूल वाहायचं, एवढंच.

"हरवली असतील... कुणी फाडली असतील..." ते पुटपुटले.

"फाडली न्हाईत. फाडली असती तर शिवण ढिली दिसली असती. बांधतानाच राहिली."

बाबा कापलेल्या दोऱ्याचा तुकडा बोटांत धरून बघत होते. दोऱ्याला अजून गाठ तशीच होती. त्यांनी ती उजेडाकडं धरली, आणि बराच वेळ खाली आणलीच नाही.

"उलटी गाठ," ते हळूच म्हणाले. "डावऱ्या हाताची."

सरांनी बाबांच्या डाव्या हाताकडं बघितलं. दाभण अजून त्याच हातात होतं.

"शहरात प्रेसमधी होतो मी. तरणा होतो. आकडे बी येत नव्हते तवा. पुठ्ठ्याची लई टंचाई. वाया गेलेले फर्मे एकावर एक चिकटवून त्याचाच पुठ्ठा करायचो. एक डाव थप्पी चुकली. चांगली थप्पी रद्दी समजून पुठ्ठ्याला घेतली. पुस्तकं शिवून झाल्यावर शेट वरडला, आठव्याची थप्पी गेली कुठं? ...मी गप बसलो. काढून टाकलं असतं मला. पुस्तकं तशीच गेली बाजारात. लिवणारा त्याआधीच वारलेला, बोलणार कोण?"

चिंचेवर एक होला घुमत होता.

"सर, ते मौन लेखकाचं न्हाई," बाबा म्हणाले. "माजं हाय."

ऐंशी पानांचा प्रबंध! त्यावर मिळालेली शाल, चांदीचं ताट, दिवाणखान्यातला फोटो... आणि हा सगळा डोलारा उभा होता तो या दाढीवाल्या म्हाताऱ्यानं पन्नास वर्षांपूर्वी घातलेल्या घोळावर. सरांना राग आला. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो आणखी वाढला.

"खोटं आहे हे!" ते ओरडले.

बाबांनी वाद घातला नाही. त्यांनी पुस्तकाचं सुटलेलं कव्हर उचललं आणि शेजारच्या पाण्याच्या परातीत बुडवलं.

बाळाला कुणी विहिरीत टाकावं तसे सर बघत राहिले.

पाऊण तास कव्हर पाण्यात होतं. बाबांनी चहा टाकला. सरांनी तो घेतला नाही.

मग हाडाच्या पट्टीनं बाबांनी कापड सोडवलं. खाली एक कागद निघाला, कुठल्याशा कॅलेंडरचा. त्याखाली दुसरा. त्याखाली घडीसकट दाबलेली एक चोपडी. वरचं पान चिकटवायच्या खळीनं बुळबुळीत झालेलं. बाबांनी ते अंगठ्यानं पुसलं आणि तळाचा कोपरा बघितला.

"आठ."

त्यांनी चोपडी सरांपुढं धरली.

"मोरचूद असायचं खळीत. कसर लागली न्हाई. वाचा."

"तुम्हीच... तुम्हीच बघा आधी."

"मला अक्षर येत न्हाई, सर. त्या चुकीनंतर आकडे तेवढे शिकलो."

जिल्ह्यातल्या अकरा शाळांनी कोणतं साहित्य वाचायचं, हे ज्यांना विचारायला अध्यक्षांनी सरांना धाडलं, त्या माणसाला 'अ' येत नव्हता!

"वाचा की. माज्या हातून काय राहिलं ते तरी ऐकू दे मला."

सरांनी चष्मा लावला. ओली पानं जपून उलगडली. वर्गात वाचायच्या त्या भारदस्त आवाजात सुरुवात केली.

दुर्गा पायऱ्या उतरते. तळाशी पाणी नाही. पण कोनाड्यात तिच्या हाताला काहीतरी खरखरीत लागतं. पोतं. एक नाही, शंभर. ज्वारीची पोती. गाव उपाशी मरतंय आणि सासऱ्यानं, गावच्या पाटलानं, बारवेच्या कोनाड्यांत धान्य दडवलंय...

"मग?" बाबा म्हणाले.

वरच्या पायरीवर कंदील दिसतो. सासरा उतरतोय. हातात कुऱ्हाड. "दुर्गे," तो हाक मारतो, अगदी मायेनं. "दुर्गे, वर ये बाळ." दुर्गा पोत्यांच्या मागं सरकते. श्वास धरते. घागर तिच्या हातातून निसटते...

"या अल्ला. मग?"

सरांचा भारदस्त आवाज कधीच गेला होता. ते भरभर वाचत होते, अडखळत होते, ओलं पान उलटायला घाई करत होते. चिंचेची सावली चटईवरून सरकली, त्यांना कळलं नाही. मधेच त्यांनी समोरचा गार चहा एका घोटात पिऊन टाकला, तेही त्यांना कळलं नाही.

घागर खणखणत खाली जाते. सासरा आवाजाच्या दिशेनं धावतो, अंधारात. दुर्गा मोटेच्या दोराला लटकून वर चढते. काठावर येते. आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकते...

गाव येतं. पोती वर निघतात. रात्रभर जाती फिरतात. लाजेनं काळा पडलेला नवरा पुढं येतो. दुर्गा त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. पहाटे ती माहेरच्या वाटेला लागते. ताठ मानेनं. ओच्यात दोन भाकरी.

एकशे अठ्ठावीस. प्रकरण संपलं.

सरांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"जिवंत आहे..." ते कसेबसे म्हणाले. "बाबा, दुर्गा जिवंत आहे."

"मला वाटलंच. आरडायला लागल्यावर मरतंय कोण?"

"मी तिला मारलं." सरांनी ओल्या पानांकडं बघितलं. "दर वर्षी. अकरा शाळांत. पोरं रडायची, बाबा. रडणाऱ्याला मी एक मार्क जास्त द्यायचो. नवऱ्याचा तो दिवा शोकाचा नव्हता, लाजेचा होता. आणि ही बाई दोन भाकरी घेऊन चालत गेलेली..."

बाबा हाडाच्या पट्टीनं सोडवलेल्या कापडाची खळ खरवडत होते.

मग सरांना एकदम काहीतरी आठवलं.

"एका पोरीनं लिहिलं होतं," ते म्हणाले. "त्या पाच मार्कांच्या प्रश्नाला. 'लेखक गप्प बसलेला नाही, इथली पानं गळाली आहेत असे मला वाटते. दुर्गा अशी मरणारी बाई नाही.' एवढंच. मी शून्य दिलं. सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवलं. पोरं खिदळली. वर म्हणालो, तुला साहित्य कळायचं नाही, तू स्टँडवरची रहस्यं वाच..."

"कोण पोरगी?"

सरांनी मान वर केली नाही.

"सोळुंके. रेवती सोळुंके."

बाबांच्या हातातली पट्टी थांबली. क्षणभरच. मग त्यांनी ओली पानं एका फडक्यावर वाळत ठेवली, नवा दोरा घेतला आणि सरांकडं बघितलं.

"आठवा घालू ना मधी?"

साधा प्रश्न. पण सरांचं लक्ष उद्याच्या बैठकीकडं गेलं.

उद्या ही प्रत टेबलावर गेली, कुणी उघडली, तर संपलं. प्रबंध रद्दी. प्रस्तावना खोटी. आणि तीच पोरगी समोरच्या खुर्चीवर बसलेली असणार. निवृत्तीला अवघं एक वर्ष उरलं होतं. जन्मभर जी कमावली ती इभ्रत अशी चव्हाट्यावर...

सरांनी रस्त्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं.

"बाबा..." त्यांचा आवाज इतका खाली गेला की त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "इतकी वर्षं ती पुठ्ठ्यात होतीच. पुन्हा... पुठ्ठ्यातच राहिली तर?"

बोलून गेले आणि स्वतःच हादरले. आपण हे बोललो? आपण?

बाबा रागावले नाहीत. त्यांना नवलही वाटलं नाही. त्यांनी खळीचा डबा पुढं सरकवला आणि ब्रश सरांच्या हातात दिला.

"घ्या. एकदा माज्या हातानं झालं. आता तुमच्या हातानं करा."

सरांनी ब्रश धरला. खळीत बुडवला. ओल्या पानांवर नेला...

वरच्याच पानावर दुर्गा श्वास धरून पोत्यांच्या मागं बसली होती.

ब्रशवरून खळीचा थेंब चटईवर पडला. मग दुसरा. हात पुढं जाईना. सर चांगल्या वयाचे, चांगल्या अंगाचे गृहस्थ. पण त्या वेळी त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटी त्यांनी ब्रश डब्यात टाकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"घाला," ते हातांच्या आडूनच म्हणाले. "आठवा घाला मधे. उद्या मीच तिच्या हातात देतो. सगळ्यांसमोर."

बाबांनी सातव्यावर आठवा ठेवला, आठव्यावर नववा. दाभण आत गेलं, बाहेर आलं.

सरांनी डोळे पुसले. पण ते मास्तर होते. विचारल्याशिवाय त्यांना उठवेना.

"आणि अण्णासाहेबांना काय सांगू? शाळेत कुठलं पुस्तक लावायचं? हे, की तिचं?"

बाबांनी दोऱ्याला गाठ मारली. दातांनी दोरा तोडला.

"कुठलं बी लावा, सर... फक्त शिकवू नका."